बंड्याला दात आवरायला कोण शिकवणार?

प्रश्न : आमच्याकडे अडीच महिन्यांचं पिल्लू आहे, बंड्या. यजमानांच्या मित्राचा पिंपळगावजवळ द्राक्षाचा मळा आहे. तिथल्या कुत्रीला सहा पिल्लं झाली होती, त्यातलं हे एक सव्वा महिन्याचं असतानाच आम्ही घरी आणलं. सुरुवातीचे दिवस फार गोड गेले. आता मात्र तो सारखा चावतो. हात पुढे केला की हात, चालायला लागलं की पोटरी. सासूबाई उठल्या की त्यांच्या निऱ्यांना लोंबकळतो. त्यांना मधुमेह आहे. मुलगी दुसरीत आहे, संध्याकाळी सात ते नऊ तिचा आणि त्याचा नुसता धिंगाणा असतो. चार दिवसांपूर्वी तिच्या बोटाला दात लागून रक्त आलं. घरचंच पिल्लू म्हणून हळद दाबली. यजमान नाकावर टिचकी मारतात. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, त्याला उताणा पाडून दाबून धरा, मालक कोण ते कळलं पाहिजे. केर-फरशीला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, कुत्रं मोकळं असेल तर येणार नाही. म्हणून आठवडाभर दिवसा गॅलरीत बांधून ठेवतोय, तर सोडल्यावर आणखीच चावतो. पुढच्या महिन्यात गणपती आहेत, घर भरलेलं असेल. हा चावरा निघालाय का? मळ्यावर परत सोडावा का?
— नाशिकहून एक वाचक

ताई,

बंड्याबद्दल सगळं सविस्तर सांगते, पण त्याआधी मुलीचं बोट. हे वाचून झालं की तिला घेऊन सरकारी रुग्णालयात जा. चार दिवस झाले म्हणून उपयोग नाही असं समजू नका, उशीर झाला असला तरी लस घ्यायचीच असते. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे बंड्याची ती अजून व्हायची आहे. त्याच्या आईला मळ्यावर कधी लस टोचली होती का, हे तुम्हाला ठाऊक नसणार. रेबीज पिल्लांनाही होतो. आणि त्याची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, लस वेळेवर घेतली तर मात्र तो टळतो. बंड्याला रेबीज असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण या आजारात वाटण्यावर काही सोडून द्यायचं नसतं.

सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. कातडीत टोचायची पद्धत असेल तर ० म्हणजे पहिला दिवस, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी बोलावतात. जुनी पोटातल्या इंजेक्शनांची भीती मनात असेल तर काढून टाका, आता दंडावर टोचतात. रक्त आलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तसं असेल तर लसीबरोबर जखमेत टोचायचं सीरमही लागतं. धनुर्वाताचंही विचारा. यापुढे घरात कुणालाही दात लागून कातडी फुटली, तर नळाच्या वाहत्या धारेखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, तेल, तिखट यातलं काहीही जखमेवर लावायचं नाही. पंधरा मिनिटं फार वाटतात, लहान मूल रडून घर डोक्यावर घेतं, पण या आजाराचे विषाणू जखमेतून आत शिरतात आणि साबण त्यांतले बरेचसे तिथेच मारतो. सासूबाईंच्या बाबतीत मधुमेहामुळे साधा ओरखडाही चिघळू शकतो, तेव्हा त्यांची जखम त्याच दिवशी दाखवायची. बंड्या तीन महिन्यांचा झाला की लगेच त्याची लस करून घ्या, आणि बाकीचे डोस कुठवर आले आहेत तेही पशुवैद्यांकडून तपासून घ्या.

आता तुमचा प्रश्न. बंड्या चावरा निघालेला नाही. अडीच महिन्यांचं पिल्लू चावतं, कारण त्याला हात नसतात. वस्तू काय आहे, मऊ की कडक, हलते का, ओरडते का, हे सगळं त्याला तोंडानेच कळतं. खेळायला बोलवायचं तर तेही तोंडानेच. तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून पुढे गेलात : तो सव्वा महिन्याचा असताना आईपासून तुटला.

पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायला लागतात. सगळे मिळून २८, आणि टोकाला सुईसारखे. जबड्यात मात्र ताकद नसते. ही जोडी निसर्गाने विचार करून दिल्यासारखी आहे. दात अणकुचीदार म्हणून चावा चांगलाच झोंबतो, जबडा कमजोर म्हणून सहसा मोठी इजा होत नाही. या दातांनी पिल्लं दिवसभर एकमेकांना धरतात, लोळवतात, कान ओढतात. एखाद्याने जास्त जोर लावला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून बाजूला होतं. चावणारा एकटा उरतो. जरा वेळाने पुन्हा जातो, या वेळी दात हलके लावतो आणि खेळ चालू राहतो. आईचंही तसंच. दूध पिताना दात टोचले की ती उठून चालू लागते. कुणी रागावत नाही, कुणी शिक्षा करत नाही. जोरात चावलं की मजा संपते, एवढंच त्याला दिवसातून असंख्य वेळा कळत जातं. हे शिक्षण चौथ्या आठवड्यापासून रंगात येतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत बरंचसं पक्कं होतं. आपल्याकडे कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. तुम्ही काही विकत आणलं नाही, पण त्या नियमामागचं एक कारण हेच आहे.

बंड्याचा वर्ग ऐन भरात आला आणि तो तिथून उठून आला. पाच भावंडं गेली, आई गेली. दातांचा जोर कुठे थांबवायचा हे त्याला सांगणारं कुणी राहिलं नाही. आता ते काम तुमच्या घराला करायचं आहे. मी पुढे जे सांगणार आहे, ते सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

भावंडं दोन गोष्टी शिकवतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो : आधी जोर कमी, मग दात लावणंच कमी. माणसं एकदम दुसऱ्या गोष्टीवर जातात, हात तोंडात घ्यायचाच नाही म्हणतात. मला पहिली पायरी गाळणं पटत नाही. पुढे आयुष्यात कधीतरी कुत्र्याच्या पायावर कुणाचा पाय पडतो, झोपेत मूल अंगावर पडतं, कान दुखत असताना डॉक्टर कान धरतात. त्या क्षणी शहाण्यातला शहाणा कुत्राही तोंड फिरवू शकतो. ज्याने लहानपणी जोर आवरायला शिकलेलं असतं, त्याचा दात नुसता लागून सुटतो. ज्याने शिकलेलं नसतं, त्याचा रुततो.

तुमच्या घरात मात्र ही पहिली पायरी फक्त तुम्ही आणि यजमान यांनीच चढायची. मुलगी आणि सासूबाई यांच्या अंगाला त्याचा दात आजपासून लागता कामा नये. त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था सांगते, ती खाली येईल.

तुम्ही दोघांपैकी एकाने त्याच्याजवळ जमिनीवर बसायचं, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घालून. खेळू द्यायचं. तोंडात हात हलकेच धरला तर धरू द्यायचा. दात टोचले की एकदाच, साध्या आवाजात ‘आई गं’ म्हणायचं आणि हात जागच्या जागी ढिला सोडायचा. हात झटकून ओढायचा नाही, हे अवघड असतं पण फार महत्त्वाचं आहे. ओढलेला हात त्याला पळणारं सावज वाटतो आणि कातडीही त्या ओढण्यानेच फाटते. त्याने सोडलं की दहा-पंधरा सेकंद त्याच्याकडे बघायचंही नाही. मग पुन्हा खेळ सुरू.

काही पिल्लांना ते ‘आई गं’ ऐकून आणखीच चेव येतो. बंड्या तसा निघाला तर आवाज काढूच नका. मुकाट्याने उठायचं, दाराच्या पलीकडे जायचं, वीस-तीस सेकंद थांबायचं आणि परत येऊन बसायचं. त्याला उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन कोंडायचं नाही. उचलण्यात, ओढण्यात त्याला खेळच वाटतो आणि तोवर आपण का आलो हे तो विसरलेला असतो. जायचं ते आपण. याच्यासाठी बाजारात मिळणारं लहान मुलांचं जाळीचं दार स्वयंपाकघराच्या किंवा हॉलच्या चौकटीत बसवून घ्या. बंड्यासाठी एकच वस्तू आणायची असेल तर ती आणा. तिच्यातून तो तुम्हाला बघू शकतो, तुम्ही त्याला, आणि तरी त्याचे दात कुणापर्यंत पोचत नाहीत.

पहिल्या काही दिवसांत तो आधीपेक्षा जोरात चावेल. याने घाबरू नका. आजवर चावलं की माणसं ओरडायची, हात हलवायची, मागे धावायची. ते सगळं अचानक बंद झालं म्हणून तो थोडा जास्त जोर लावून बघतो. नेमक्या त्याच दिवशी घरातलं कुणी वैतागून त्याच्याशी झोंबाझोंबी केली, तर जोर लावला की खेळ मिळतो असं तो शिकतो, आणि मग ते विसरवायला फार दिवस जातात. जोर कमी झालेला जाणवू लागला की तुमची सहनशक्ती हळूहळू कमी करत न्या. आज टोचल्यावर खेळ थांबवत असाल, तर पुढे नुसतं दाबल्यावर थांबवा, मग दात टेकल्यावर. पाच-सहा महिन्यांचा होईपर्यंत माणसाच्या कातडीला दात लावायचाच नाही, इथवर तो यायला हवा. नेटाने केलं तर येतो.

हे चालू असताना त्याच्या तोंडाला हक्काचं काहीतरी द्यायला हवं. चावणं थांबवायचं नाही, ते हातावरून वस्तूवर न्यायचं. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, पलंगाजवळ, प्रत्येक ठिकाणी हाताशी एक लांबट खेळणं ठेवा, म्हणजे तो झेपावला की शोधाशोध होणार नाही. जुन्या टॉवेलची घट्ट वेणी घालून दोन्ही टोकांना गाठ मारली की उत्तम खेळणं होतं. जुन्या साडीची किंवा ओढणीची वेणी मात्र देऊ नका, जुनी चप्पलही नको. ही साडी माझी आणि ती आजीची, हा फरक त्याला कसा कळणार? वेणीचे धागे सुटायला लागले की टाकून द्या, पिल्लं ते गिळतात. ओढाओढीचा खेळ जरूर खेळा, त्याने पिल्लू आक्रमक होतं ही समजूत खरी नाही. त्यात गुरगुरला तरी चालेल. फक्त मधूनमधून थांबायचं, नाकासमोर पनीरचा नखाएवढा तुकडा धरायचा, त्याने वेणी सोडली की ‘सोड’ म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि वेणी लगेच परत द्यायची. सोडल्याने वस्तू जात नाही हे त्याला पटलं की हा एक शब्द तुम्हाला जन्मभर पुरेल.

साडेतीन-चार महिन्यांचा झाला की दुधाचे दात पडायला लागतील. फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडेल, खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसेल. त्या दिवसांत हिरड्या सळसळतात आणि सुधारलेलं पिल्लू पुन्हा चावायला लागल्यासारखं वाटतं. ओला नॅपकिन पिळून फ्रीझरमध्ये घट्ट करून द्या, गार गाजर द्या, पण समोर बसून. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, त्यांच्या कपच्या निघतात आणि आतडं फाडतात. सहा-सात महिन्यांत पक्के ४२ दात येतात. एखादा दुधाचा सुळा तसाच राहून शेजारी नवा आला, तर डॉक्टरांना दाखवा. तुम्ही नाशिकच्या, आणि पिल्लू द्राक्षाच्या मळ्यातलं, म्हणून मुद्दाम लिहिते : द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. घरात पेट्या येत असतील तर उंचावर ठेवा.

आता संध्याकाळचे सात ते नऊ. ही वेळ वाचल्याबरोबर मला वाटलं, हे पिल्लू झोपेला आलेलं आहे. या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, निदान झोपायला हवं. तुमच्याकडे संध्याकाळी मुलगी येते, यजमान येतात, टीव्ही लागतो, बेल वाजते, आणि प्रत्येकाला बंड्याशी खेळायचं असतं. झोप मोडलेलं पिल्लू सुस्त पडत नाही, ते उलट पिसाळल्यासारखं घरभर धावतं, समोर येईल त्याला धरतं. लोक म्हणतात त्याला दमवा म्हणजे झोपेल, आणि आणखी खेळवतात. या वेळी ते करू नका. दिवसाचा एक साधा ठेका धरा : तासभर जागा, मग दीड-दोन तास झोप. उठल्यावर शू, मग खाणं किंवा खेळ, मग पाच मिनिटं शिकवणं, मग चघळायला काहीतरी आणि झोप. झोपायला घरातला कमी वर्दळीचा कोपरा किंवा दार उघडं ठेवलेला पिंजरा, आत त्याचं अंथरूण, आणि तो तिथे असला की मुलीसकट कुणीही त्याला हात लावायचा नाही. पाच ते सात अशी झोप झाली तर सातचा बंड्या वेगळाच दिसेल. मला विचाराल तर तुमची निम्मी तक्रार इथेच मिटेल. खाणंही बघा, या वयात दिवसातून तीन-चार वेळा हवं. भुकेलं पिल्लूही चिडकं होतं.

गॅलरीत बांधणं बंद करा. तुमची अडचण मला समजते, मावशींचं म्हणणंही अगदी रास्त आहे. पण दिवसभर बांधलेल्या पिल्लाला माणसं भेटतात ती सोडल्यावर, तेही थोडा वेळ, म्हणून तो सगळी ताकद त्या थोड्या वेळात लावतो. बांधल्याने तो काही शिकत नाही, फक्त साठवतो. मावशी येण्याच्या आधी त्याला शू करवून आणा, जाळीच्या दाराआड ठेवा आणि चघळायला द्या. केरसुणी आणि फरशीचा फडका ही दोन्ही हलणारी, सरपटणारी चीज आहे, त्यांच्या मागे धावू नकोस म्हणून त्याला सांगण्यात सध्या अर्थ नाही. मावशींनी काही सोसावं अशी अपेक्षा अजिबात ठेवू नका. त्यांना कधी दात लागलाच तर दवाखान्यात नेणं, खर्च आणि सुट्टी हे सगळं तुमच्याकडे, आणि हे त्यांना आधीच सांगून टाका.

सासूबाईंसाठी मला चाव्यापेक्षा पडण्याची भीती जास्त वाटते. निऱ्यांना लोंबकळलेलं पिल्लू पायात आलं आणि त्या पडल्या, तर त्या वयात खुब्याचं हाड मोडतं. म्हणून घरात त्या चालत असतील तेव्हा बंड्या जाळीच्या आड, नाहीतर तुमच्या हातातल्या हलक्या पट्ट्याला. चुकून त्याने साडी धरलीच तर त्यांनी ओढायची नाही, काठीने हाकलायचं नाही. भिंत किंवा खुर्ची धरून उभं राहायचं आणि तुम्हाला हाक मारायची. साडी थांबली की तिच्यातली गंमत अर्धी जाते. यापुढे एक काम त्यांच्याकडे द्या. दिवसातून एकदा त्यांनी खुर्चीत बसायचं, बंड्या समोर, पट्टा तुमच्या हातात. त्याचे चारही पाय जमिनीवर असले की त्यांनी त्याच्या खाण्यातला एक दाणा लांब टाकायचा, पायाशी नाही. तो खाऊन परत येतो, वर चढत नाही, की पुन्हा दाणा. आजीकडे गेलं की पाय जमिनीवर ठेवायचे, साडीला काही करायचं नाही, हे त्याला असं कळतं. शिवाय ज्या व्यक्तीला तो आज नुसता त्रास वाटतोय, तिचं तो ऐकायला लागतो. घरात त्याला टिकायचं असेल तर हे फार गरजेचं आहे.

मुलीला एक खेळ शिकवा. बंड्या अंगावर आला की झाड व्हायचं : जागच्या जागी उभं, हात छातीशी दुमडून, नजर वर, तोंड बंद. पळायचं नाही, किंचाळायचं नाही. आधी बंड्या नसताना सराव करून घ्या, तुम्ही पिल्लू व्हा आणि ती झाड. दोघांना एकटं सोडायचं नाही, तुम्ही शेजारच्या खोलीत आहात एवढंही पुरेसं नाही. तिने त्याला उचलायचं नाही, त्याच्याबरोबर जमिनीवर लोळायचं नाही. लोळताना तिचा चेहरा त्याच्या दातांच्या उंचीवर येतो. तुम्ही जवळ असाल तेव्हा तिने चेंडू टाकावा, लांब वेणी ओढावी, आणि ‘बस’ शिकवावं. नाकासमोर धरलेला दाणा हळूच डोक्यावरून मागे नेला की पिल्लू आपोआप बसतं, ते बसलं की दाणा उघड्या तळहातावर. दुसरीतल्या मुलीला हे छान जमतं. पिल्लू आपलं ऐकतं याचा तिला जो आनंद होईल, तो धिंगाण्यापेक्षा मोठा असेल.

यजमानांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. नाकावरची टिचकी आजच थांबवा. टिचकीने बंड्या काय शिकतो? चेहऱ्याकडे येणारा हात दुखवतो. मग पुढे डॉक्टर डोळे तपासायला हात नेतील, मुलगी गोंजारायला नेईल, तेव्हा तो एकतर दबेल किंवा आधीच तोंड टाकेल. चप्पल दाखवणं, तोंड आवळून धरणं, हाताला तिखट लावणं, सगळं त्यातलंच. उताणा पाडून दाबण्याचा सल्ला तर याहून वाईट. त्याच्यामागे लांडग्यांच्या कळपात एक दादा असतो आणि तो बाकीच्यांना दाबून ठेवतो ही कल्पना आहे. रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकांनी १९४७ साली प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून जे लिहिलं, तिथून ती पसरली. पुढे डेव्हिड मीच यांनी रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. आणि बंड्या लांडगाही नाही, आईपासून लवकर सुटलेलं अडीच महिन्यांचं लेकरू आहे. दाबून धरल्यावर तो गप्प पडतो तो घाबरून. शिवाय गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. मग तो सूचना न देता चावतो.

खेळातला चावा आणि खरा चावा यांतला फरक अंगावरून ओळखा. खेळणाऱ्या पिल्लाचं अंग सैल असतं, पुढचे पाय टेकून ढुंगण वर करतं, शेपटीबरोबर अर्धं अंग हलतं. जेवणाच्या ताटलीवर कुणी आलं की तो ताठरला, हलायचा थांबला, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत एकटक बघू लागला, ओठ उचलला, तर ते वेगळं आहे. तेव्हा ताटली ओढून घेऊ नका. आधी पशुवैद्यांना दाखवून दुखणं नाही ना ते बघा, मग मारझोड न करणाऱ्या प्रशिक्षकाची मदत घ्या. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

आणखी एक करता येईल, आणि ते तुम्ही-आम्ही काहीही शिकवण्यापेक्षा चांगलं. मळ्यावर त्याची भावंडं अजून आहेत का, विचारा. असतील, सगळ्यांच्या लशी होत असतील आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास त्याला त्यांच्यात सोडा. मित्राला सांगून आईचीही लस करून घ्या. भावंडं नसली तर ओळखीतला लस झालेला, शांत, मोठा कुत्रा बघा, पिल्लांशी नीट वागणारा. तो बंड्याला एका हलक्या गुर्रने जे सांगेल, ते आपल्याला महिनाभरात सांगता येत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांत मात्र लशी पूर्ण होईपर्यंत नेऊ नका, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाचा धोका असतो.

परत सोडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : या कारणासाठी नको. त्याच्या वयात हे सगळीच पिल्लं करतात आणि तुमच्या घरात ते दुरुस्त होण्यासारखं आहे. पण हे काही आठवडे रोज आणि घरातल्या प्रत्येकाने करावं लागेल. चौघांपैकी तिघांनी खेळ थांबवला आणि एकाने हात चावू दिला, तर तो त्या एकाचंच लक्षात ठेवतो. आज रात्री सगळ्यांनी बसून ठरवा. आणि ठरवताना असं लक्षात आलं की नाही, हे आपल्याकडून होणार नाही, तर त्याला वर्षानुवर्षं गॅलरीत बांधण्यापेक्षा वेळ देणारं दुसरं घर आत्ताच शोधलेलं बरं. मळ्यावर नुसतं नेऊन सोडणं हा त्यातला पर्याय नाही.

गणपतीत बंड्या साडेतीन-चार महिन्यांचा, म्हणजे दात पडण्याच्या ऐन दिवसांत असेल. त्याच्याकडून पाहुण्यांत शहाण्यासारखं वागण्याची अपेक्षा ठेवू नका. आतली एक खोली त्याची, दाराला जाळी, आत पाणी, अंथरूण, चघळायला दोन-तीन गोष्टी. आरतीच्या झांजा-घंटांचा आवाज आत्तापासून फोनवर हळू लावून, सोबत खाऊ देऊन ओळखीचा करा. त्या दिवसांत रोज एका मोठ्या माणसाकडे फक्त बंड्याची जबाबदारी द्या, कारण मोदकांच्या गडबडीत सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच लक्ष नसतं. प्रसादाच्या खिरापतीत, शिऱ्यात बेदाणे असतात, तेव्हा द्रोण खाली ठेवू नका असं मुलांना आधीच सांगा. आणि कुणीतरी पाहुणे नक्की म्हणतील, ‘राहू द्या हो, आम्हाला काही होत नाही,’ आणि त्याच्यापुढे बोटं नाचवतील. त्यांच्या हातात वेणी द्या आणि म्हणा, खेळायचं तर हिने खेळा, नाहीतर जाळीच्या बाहेरून बघा. पाहुण्यांना थोडं लागेल, लागू द्या. महिनाभर चौघांनी मिळून जे शिकवलेलं असेल, ते एका दुपारी कुणाला मोडू देऊ नका.